फुलसावंगीची लाट

नळ यायच्या दिवशी दारव्हा रोडजवळच्या त्या गल्लीत लग्नघरासारखा गलका व्हायचा. ड्रम, बादल्या, पाइप, या गच्चीवरून त्या गच्चीवर हाका. शेजारच्या विमलताई तर नळ आला की जावई आल्यासारख्या धावायच्या. शोभाताईंची नात केतकी मात्र त्या वेळी मागच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची आणि पंखा पाचावर करून बसायची. टाकी भरली, पाइप गुंडाळून झाला, की सदाशिवराव हळूच दार वाजवायचे. "ये बाहेर. गेला नळ."

"आता परत कधी येणार, आजोबा?"

"आठवड्यानं. कधी त्याहूनही उशिरा."

"छान," केतकी म्हणायची.

यवतमाळच्या पाण्याचं वेळापत्रक आवडणारं माणूस शोभाताईंनी लग्नापासून इथे राहून पहिल्यांदाच पाहिलं.

केतकी दहा वर्षांची. हवाई बेटांवर जन्मलेली, तिथेच वाढलेली. शोभाताईंनी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, पण भिंतीवरच्या नकाशात ती बेटं एवढीशी, की छडीचं टोक ठेवलं तर सगळीच्या सगळी झाकली जायची. 'हा ठिपका म्हणजे हवाई' एवढं सांगून त्या पुढे जपानकडे वळायच्या. त्या ठिपक्यावर आपली लेक संसार थाटील हे कुणाच्या स्वप्नात? पण अनघा शेतीशास्त्र शिकायला तिथे गेली आणि तिथलीच झाली. जावई कालेओ तिथल्या मूळ लोकांपैकी. शाळेत मुलांना त्यांचीच जुनी भाषा शिकवतो, आणि शाळा सुटली की समुद्रात जातो. मुलीचं नाव ठेवायची वेळ आली तेव्हा दोन्ही घरांना ओळखीचं काही हवं होतं. केवडा त्यांच्याकडेही होतो, त्याच्या पानांच्या ते चटया विणतात. म्हणून केतकी.

ही केतकी चौथ्या वर्षापासून बापाच्या पुढ्यात फळीवर उभी राहून लाटेवरून किनाऱ्याला यायची. आपल्याकडे लेकरू चालायला लागलं की पेढे वाटतात, तसं त्यांच्याकडे लाटेवर उभं राहिलं की घरात जेवण घालतात, असं अनघानं सांगितलं होतं. पण मागच्या हिवाळ्यात एका लाटेनं तिला उलटवून खाली दाबलं. पायाला बांधलेली फळीची दोरी खडकात अडकली. बापानं ओढून काढलं. लागलं फारसं नव्हतं, थोडं खरचटलं तेवढंच. पण त्या दिवसापासून ती समुद्रात जाईना. पुढे पुढे शॉवरखाली उभी राहीना, तांब्यानं पाणी घेऊन कशीबशी अंघोळ उरकायची. घर समुद्राकाठी, लाटांचा आवाज रात्रंदिवस. पोर कान झाकून झोपायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस जागा बदला.

कुठे जायचं ते केतकीनंच ठरवलं. नकाशा घेऊन बसली आणि आपल्या नातेवाइकांत समुद्रापासून सगळ्यात लांब कोण राहतं ते शोधलं. पुण्याचा चारुदत्तमामा नापास झाला. यवतमाळ पहिलं आलं.

जानेवारीत अनघा तिला सोडायला आली. परत निघताना लेकीच्या गळ्यात पडून रडली ती अनघाच. केतकी शांतपणे म्हणाली, "तू जा, मम्मा. मी इथंच राहते. इथं समुद्र नाही."

पुढे एकदा फोनवर अनघा म्हणाली, "आई, तिला कशाची जबरदस्ती करू नका. एप्रिलच्या शेवटी मी येते. पाण्याला तयार झाली असेल तर घेऊन जाईन. नाही तर यंदा तिथल्याच शाळेत घालू. पुढचं पुढे बघू. तुला झेपेल ना गं?"

"न झेपायला काय झालं?" शोभाताई इतक्या चटकन म्हणाल्या, की त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. फोन ठेवला तेव्हा आपण हसतो आहोत हेही त्यांच्या लक्षात आलं. पदरानं तोंड पुसून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

घर किती वर्षांनी भरलं होतं! सकाळी सदाशिवरावांना पेपर वाचून दाखवणारं कुणी होतं. ती मराठी अक्षरं एकेक लावत वाचायची आणि 'जिल्हाधिकारी' या शब्दावर हमखास अडखळायची. जन्मभर त्याच कचेरीत नोकरी केलेले सदाशिवराव हसून म्हणायचे, "मीही तिथंच अडखळायचो." अनघाचा फोन झाला आणि दुसऱ्याच दिवशी ते गावात जाऊन सायकल घेऊन आले. लाल, पुढे टोपली असलेली.

"अहो, एप्रिलपर्यंत थांबायचं ना," शोभाताई म्हणाल्या.

"सायकल काय, केव्हाही लागते," म्हणत ते खाली बसले आणि नव्या कोऱ्या सायकलला फडकं मारू लागले.

*

शोभाताईंचं माहेर फुलसावंगीचं. फेब्रुवारीत त्या नातीला घेऊन आर्णी, महागाव करत एसटीनं तिथे गेल्या. धाकटा भाऊ वामनराव शेती बघायचा. घरात तो आणि त्याची बायको बेबीताई. कापूस निघून गेलेला, तुरीची तुराटी बांधावर रचलेली, आणि धुऱ्यावर, शेताच्या हद्दीला, पांगारा फुललेला. पान एक नाही, सगळं झाड लालभडक.

केतकी चालता चालता थांबली. जवळ गेली. खोडावरच्या काट्याला बोट लावून पाहिलं. "विलीविली," ती म्हणाली. "आजी, हे आमचं झाड आहे. हे इथं कसं आलं?"

"तुमचं काहून?" वामनराव म्हणाला. "माह्या बापानं लावेल हाय थे. पांगारा म्हणतेत त्याले."

"लाकूड हलकं असतं?"

"अगदी पोकळ वाटंन असं."

"मग तेच. त्याचा भाऊ असेल." केतकी झाडाभोवती एक फेरी मारून आली. "आमच्याकडे खूप जुन्या काळात सगळ्यात मोठ्या फळ्या विलीविलीच्या करायचे. उभी केली तर घराच्या वर जाईल एवढी. त्या फक्त सरदारांच्या. बाकीच्यांच्या दुसऱ्या लाकडाच्या, छोट्या. पण लाटेवर सगळे जायचे. राजा, राणी, मासे धरणारे, आज्या, सगळे. समुद्र चांगला असला की शेतात कुणी नसायचं."

"म्हंजे पोळ्याचा दिवस," वामनराव म्हणाला. "आन् लाट काय सरदार पाहून येते काय? ज्याले उभं राह्यता येते त्याची लाट."

"तूतू पण हेच म्हणते," केतकी खूश होऊन म्हणाली. तूतू म्हणजे तिच्या बापाची आजी. नव्वदी गाठलेली म्हातारी अजून गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहते, असं अनघा सांगायची.

वामनरावाला गप्पांचा जोर चढला. "तुह्यी आजी काय कमी होती? पैनगंगेच्या डोहातली मगर होती थे. आम्ही पोट्टे काठावर, आन् हे मधात."

केतकीनं आजीकडे असं पाहिलं, जसं काही कुणी सांगितलं की आजी पूर्वी विमान चालवायची. "आजी? तू पाण्यात जायचीस?"

"जायचे बाई." शोभाताईंनी पांगाऱ्याला पाठ टेकली, तर काटा लागला, तशा सावरून बसल्या. "माझ्या बाबांनी याच्या आधीच्या पांगाऱ्याचे दोन ओंडके केले होते. ते पाठीला दोरीनं बांधायचे आणि डोहात सोडून द्यायचे. हात मारा, पाय मारा. आम्ही सगळी भावंडं तशीच शिकलो."

"बुडाली नाहीस?"

"पांगारा बुडू देत नाही."

केतकी बराच वेळ वर फांद्यांकडे पाहत होती. मैनांनी फुलांत नुसता धिंगाणा घातला होता. मग ती म्हणाली, "मला पण ओंडके पाहिजेत. पाण्यात नाही जाणार मी. नुसते पाहिजेत."

वामनराव लगेच तयार. एक फांदी तशीही विजेच्या तारेला लागत होती. तो कुऱ्हाड आणायला वळला तर केतकीनं त्याची बाही धरली. "आबाजी, असं नाही तोडायचं! आधी विचारायचं. झाडाच्या मुळाशी लाल मासा ठेवायचा, मग मागायचं."

वामनराव शोभाताईंकडे पाहायला लागला. दोघांनाही एकच आठवलं होतं. त्यांचे बाबा झाड तोडायच्या आदल्या संध्याकाळी हळद-कुंकू आणि ओंजळभर ज्वारी घेऊन जायचे, झाडापुढे हात जोडून 'उद्या येतो, राग मानू नको' म्हणायचे. त्यांच्यामागे ते कुणी केलं नव्हतं. आता तर मशीन येतं, घर्र करतं आणि जातं.

"विचारू की," शोभाताई म्हणाल्या. "पण लाल मासा कुठून आणायचा गं?"

मासा बेबीताईनं केला. ज्वारीच्या पिठाचा, वीतभर. त्याला शेपटी काढली, डोळ्याच्या जागी मिरी लावली आणि वरून कुंकू फासलं. "लाल पाह्यजे नं तुह्या झाडाले? घे. याच्याहून लाल मासा त्या समुद्रातबी नसंन." दिवस मावळताना चौघं धुऱ्यावर गेली. केतकीनं मासा मुळाशी ठेवला आणि डोळे मिटून तिच्या भाषेत काहीतरी म्हटलं. वामनरावानं हात जोडले. "उद्या येतो रे बाप्पा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज हुबेहूब बाबांसारखा आला.

दुसऱ्या दिवशी ओंडके निघाले. ओलं लाकूड जड होतं. महिना-दीड महिना सावलीत वाळायला हवं होतं. वामनरावानं ते गोठ्याच्या आढ्याला टांगले. केतकी खाली उभी राहून बघत होती. "तूतूच्या घरात फळी अशीच वर टांगलेली असते. तेल लावून, कापडात गुंडाळून."

"मंग आपनबी लावू तेल. जवसाचं," बेबीताई म्हणाली.

*

मार्चात वामनरावाचा फोन आला. "बाई, वाळले ओंडके. पाखरावानी हलके झाले. पोरीले घेऊन ये. डोहात पानी हाय अजून, मंग नाई राह्यत."

"अरे, गुडघा धरलाय माझा," शोभाताई म्हणाल्या. त्या वेळी त्या लोणच्याची बरणी काढायला स्टुलावर चढलेल्या होत्या.

आठ दिवसांनी पुन्हा फोन. "पाहुणे येणार आहेत रे," त्यांनी सांगितलं.

"कोन पाहुणे?"

"आहेत."

सदाशिवराव पेपरामागे बसून सगळं ऐकत होते. संध्याकाळी बाहेर जाऊन त्यांनी सायकलला घंटी बसवून आणली. ट्रिंग ट्रिंग करत केतकी गल्लीत फिरायला लागली आणि दोघं म्हातारी गच्चीतून पाहत राहिली. एकमेकांकडे मात्र पाहिलं नाही.

जबरदस्ती करू नका असं अनघानंच सांगितलंय, असं शोभाताई मनाशी म्हणायच्या. तिला नको असेल तर नको. खरंच होतं ते. पण केतकी संध्याकाळी गच्चीत वाऱ्याला तोंड करून उभी राहायची, एक पाय पुढे, एक पाय मागे, आणि डोळे मिटून डोलायची. ते पाहिलं की शोभाताई काही ना काही काम काढून घरात जायच्या.

पाडव्याला मात्र बेबीताईनं डाव साधला. तिनं फोन केला तो थेट केतकीला मागून. "काहून येत नाई वं? पुरनपोळी करून ठेवतो तुह्यासाठी. आबाजीनं मूग पेरायले घेतला. ये, गंमत हाय." मग गुडघा आणि पाहुणे दोन्ही निरुपयोगी झाले.

गंमत होती ती फळीची. हरभरा निघालेल्या तुकड्यात वामनरावाला उन्हाळी मूग टाकायचा होता. कालव्याचं पाणी उशिरा सुटल्यानं पेरणी लांबली होती. नांगरलेल्या काळ्या जमिनीत ढेकळंच ढेकळं. ती फुटावीत म्हणून बैलांमागे लांबरुंद लाकडी फळी ओढतात, आणि फळी उडू नये म्हणून तिच्यावर वजन ठेवतात. दगड ठेवतात, नाही तर पोरं उभी करतात. शोभाताई आणि वामनराव दोघांचंही बालपण त्या फळीवर गेलेलं.

"पोट्टीले उभं करू काय बाई?" वामनरावानं विचारलं. "दोर घट्ट धर वं. पाय जोडून उभी राह्य."

केतकीनं काही ऐकलं नाही. तिनं चपला काढून बाजूला ठेवल्या. फळीवर चढली, एक पाय पुढे टाकला, एक मागे, गुडघे वाकवले, आणि दोर वामनरावाच्या हातात परत दिला.

"अवं पडशीन!"

"नाही पडत. चला, आबाजी."

बैल निघाले. फळी ढेकळांवर चढायची, खाली यायची, पुन्हा चढायची. धूळ उठली. केतकीचे हात पसरलेले, मान सरळ, कंबर तेवढी इकडून तिकडे हलत होती. शेताच्या टोकाला बैल वळले तेव्हा तिनं मागच्या पायावर भार टाकला आणि अख्खी फळी तिच्याबरोबर अलगद वळली. वामनराव कासरा धरायचं विसरून तिच्याकडेच पाहायला लागला. आणि केतकी हसली. नुसतं दात दाखवणं नव्हे, पोटातून. एवढ्या महिन्यांत ते हसू कुणी ऐकलंच नव्हतं.

"आजी!" ती ओरडली. "लाट काळी आहे!"

पांगाऱ्याखाली बसलेल्या शोभाताईंनी हात हलवला. माशाला गच्चीत ठेवून आपण त्याला घंटी वाजवायला शिकवतो आहोत, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं.

जेवायला सगळी पांगाऱ्याखालीच बसली. फुलं गळून गेली होती, कोवळी पानं फुटत होती. केतकी केसांपासून टाचांपर्यंत काळी झालेली. पुरणपोळीचा घास हातात ठेवून तिनं विचारलं, "आजी, तू पाण्यात जाणं का सोडलंस? तू पण बुडालीस?"

"नाही गं. मोठी झाले. आई म्हणाली, पुरे झाला डोह, आता लोक काय म्हणतील. मग लग्न झालं. यवतमाळला आले. तिथं नळ."

"रागावली नाहीस?"

शोभाताईंनी विचार केला. हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. "कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मग मला एकटीला कसं वाटणार?"

केतकीनं मान हलवली, जशी तूतू हलवत असेल. "आमच्याकडे पण असंच झालं. बाहेरचे लोक आले ना, त्यांच्या बोटींतून आजार आले. खूप खूप लोक मेले. गावंच्या गावं. राहिले त्यांना ते म्हणाले, असे कमी कपड्यांत, बाया-पुरुष बरोबर पाण्यात खेळणं वाईट. देवाला आवडत नाही. काम करा. मग फळ्या पडून राहिल्या. तूतू म्हणते, काही फळ्यांची तर शाळेत बाकं केली."

"अरे बाप्पा," बेबीताई म्हणाली. "ज्याच्यावर उभं राह्यचं त्याच्यावर बसवलं लेकरायले."

"मग पुन्हा कुणी सुरू केलं?" शोभाताईंनी विचारलं.

"पूर्ण बंद झालंच नव्हतं. कुठे कुठे कुणीतरी जात होतं. तूतूची आजी जायची, पहाटे, कुणी नसताना. ती परत आली की तिचे ओले केस बघून घरातल्या बाकीच्या बायकांना वाटायचं, आपण पण जावं. मग एक जाते. मग दुसरी." केतकीनं घास तोंडात टाकला. "असंच चालू होतं, आजी. एकजण गेलेली बघितली की."

शोभाताईंनी हात धुतला. पदराला पुसला. उठून उभ्या राहिल्या.

"वामन, ते ओंडके काढ."

वामनरावानं वर पाहिलं. "गुडघा बरा झाला काय बाई?"

"झाला."

"आन् पाहुने?"

"गेले."

*

डोहावर ऊन कलतं झालं होतं. वामनरावानं शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या गाडीतून सगळी उतरली. पाणी हिरवंगार, संथ. पलीकडच्या काठावर म्हशी चरत होत्या. केतकी वाळूत पोचल्याबरोबर थांबली ती तिथंच. बेबीताईचा पदर मुठीत घट्ट. बेबीताईनं तिला तसंच धरून नदीला हळद-कुंकू वाहिलं.

शोभाताईंनी लुगड्यासारखा पदर खोचला, निऱ्या वर घेऊन कास मारली आणि भावाला म्हणाल्या, "बांध."

"तुले? पोरीसाठी होते नं थे?"

"ती पाण्यात येणार नाही म्हणाली आहे. ओंडके वाया कशाला घालवायचे?"

वामनरावानं दोरी बांधली. जवसाच्या तेलाचा वास आला. बाबा गाठ मारून पाठीवर थाप द्यायचे, तशी त्यानं थाप दिली. शोभाताई उतरल्या. घोट्याला पाणी लागलं, पोटऱ्यांना, कमरेला. गार! श्वास अडला. बहात्तर वर्षांच्या बाईनं हे काय मांडलंय, असं एक क्षण वाटलं. मग तळ सुटला. पाय आपोआप हलायला लागले, कुणी न सांगता. त्या उताण्या झाल्या. पांगाऱ्यानं पाठीला आधार दिला. कानात पाणी गेलं आणि सगळा गाव लांब गेला, वर फक्त आभाळ राहिलं. आईनं त्यांना शेवटचं डोहातून बोलावलं होतं तेव्हा याच आभाळात घारी होत्या. आताही एक होती.

त्यांनी नातीला हाक मारली नाही. एकदाही मारली नाही. ठरवूनच आल्या होत्या तसं.

काठावर काहीतरी मोडल्याचा आवाज आला. केतकीनं बेशरमाची फांदी तोडली होती. ओढ्या-नाल्याला कुठेही माजणारं ते झुडूप, जांभळट गुलाबी फुलांचं. ती फांदी घेऊन पाण्याच्या अगदी काठाशी आली आणि लांबूनच फटाफट पाण्यावर मारायला लागली.

"अवं, काय करून राह्यली?" वामनराव ओरडला. "हात तोंडात घालू नको, चीक वाईट असते त्याचा!"

"लाट बोलावते!" केतकी मारतच होती. "आमच्याकडे समुद्राकाठी वेल असते, फूल अगदी असंच. पाणी झोपलं असलं की वेलीनं मारायचं आणि म्हणायचं, ऊठ! लांबून ये! आजीकडे लाकूड आहे, पण लाट नाही ना!"

"वं माय," बेबीताई हसू लागली. "पैनगंगेत लाट कायले येते?"

"येईल. ऊठ! ऊठ!"

पलीकडच्या काठावर म्हशींना ऊन लागलं होतं, की या फटाफट आवाजानं त्या बिचकल्या, कोण जाणे. पुढची म्हैस उतारावरून धाडकन पाण्यात पडली. तिच्यामागे दुसरी, मग सगळा कळपच, काळ्या शिळा घरंगळाव्यात तसा. डोह हलला. पाण्याची एक ठसठशीत वळी उठली आणि पसरत पसरत अलीकडे निघाली. शोभाताई आधी वर गेल्या, मग खाली, मग पुढे उथळ पाण्यात, ओंडक्यांसकट. वळी तशीच काठाला आली आणि केतकीच्या गुडघ्यांवर फुटली. फ्रॉक भिजला.

बेबीताईचा हात पुढे झाला होता तो तसाच राहिला.

केतकीनं खाली पाहिलं. ओल्या फ्रॉककडे, पायांकडे. पाणी मागे सरताना तिच्या टाचांखालची वाळू घेऊन जात होतं. फांदी हातातून सुटली. मग ती लांब श्वास सोडून म्हणाली, "आली."

"आली," पाण्यातून शोभाताई म्हणाल्या.

"पण आजी, तू चुकीची झोपली आहेस. असं उताणं नाही. पोटावर." आणि ते दुरुस्त करायला ती चालत आत आली. मांडीपर्यंत. कमरेपर्यंत. आजीच्या पाठीवरची दोरी तिच्या लहान बोटांनी सोडली, ओंडके पुढे घेतले, आजीला त्यांच्यावर पालथं घातलं. तिचे हात आजीला सोडत नव्हते. म्हशी अजून डुंबत होत्या, बारक्या लाटा येतच होत्या. "आता थांब... थांब... आता!" म्हणत तिनं आजीला ढकललं. शोभाताई थेट वाळूत जाऊन लागल्या, तोंडात रेती, अंबाडा सुटलेला. काठावर वामनराव हसून हसून खाली बसला. "मगर आली रे, मगर आली!"

"आता माझी पाळी," केतकी म्हणाली.

रात्री यवतमाळला आल्यावर सदाशिवरावांनी नातीचे अजून ओलसर केस पाहिले. बायकोचेही पाहिले. पेपराची घडी घालून बाजूला ठेवली. "शिकली?"

"तिला येतच होतं," शोभाताई म्हणाल्या. "मला शिकवलं तिनं."

"बरं झालं," ते म्हणाले. आणि उठून सायकल गच्चीखाली सावलीत लावायला गेले. त्या कामाला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

*

एप्रिलच्या शेवटी अनघा आली आणि लेकीला घेऊन गेली. ओंडके विमानातून नेता येणार नव्हते. केतकीनं स्वतः ते कापडात गुंडाळले आणि यवतमाळच्या घरात छताच्या हुकाला टांगून घेतले. निघताना म्हणाली, "तेल लावत जा, आजी. आणि पडून राहू देऊ नकोस."

पडून राहू दिले नाहीत. शोभाताई मध्ये एकदा फुलसावंगीला जाऊन आल्या. या खेपेला बेबीताईही कमरेपर्यंत उतरली आणि 'कोनाले सांगू नोका' म्हणत तासभर निघाली नाही.

मेच्या एका सकाळी फोन वाजला. केतकीच होती. तिच्या मागे लांबून घुम्म असा आवाज येत होता, येत होता आणि जात होता.

"आजी, ऐकू येतंय?"

"येतंय गं. आज जाणार?"

"जाऊन आले. छोट्या लाटेवर. तूतू गुडघाभर पाण्यात उभी होती. तिला मी म्हशींचं सांगितलं. ती म्हणते, पुढच्या वेळी तिला पण म्हशी पाहायच्या आहेत."

तेवढ्यात गल्लीत गलका उठला. "आला हो आला!" विमलताईंचा आवाज. सदाशिवराव पाइप घेऊन धावले. रिकाम्या ड्रममध्ये पाण्याची धार धबाधबा पडायला लागली.

"हे काय, आजी? नळ?"

शोभाताई फोन घेऊन अंगणात गेल्या आणि ड्रमवर वाकून तो धारेजवळ धरला. "ऐक," त्या म्हणाल्या. "आठवड्यानं आलाय."

पलीकडे केतकी ऐकत राहिली. तिनं पंखा लावला नाही. ड्रम भरून वाहायला लागला तरी शोभाताई तशाच वाकून उभ्या होत्या, आणि सदाशिवराव पाणी वाया चाललंय म्हणून ओरडायचं सोडून हातात पाइप धरून शेजारी उभे होते.